घाडीमामांचं अर्धं गाऱ्हाणं

आमच्याकडे पाहुणा दारात आला की त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात. सखाराम घाडी कुणाकडे गेले की गूळ तोंडात टाकत आणि पाणी त्या घराच्या चुलीमागच्या भिंतीवर ओतत. ओतत म्हणजे हात फिरवून, वरपासून खालपर्यंत नीट भिजेल असं. चूल फुरफुरायची, घरात धूर कोंडायचा, घरची बाई कपाळावर हात मारून घ्यायची. मामा गूळ चघळत म्हणायचे, "बोंबलू नको गो. भिजव, लीप, आनी गप ऱ्हव." आणि पुढच्या घराकडे वळायचे. मी शिक्षक म्हणून त्या गावात आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या बिऱ्हाडातही त्यांनी हा उद्योग केला. मी जामसंड्याचा. तिथे पाहुणे पाणी पितात. मला वाटलं, हा म्हातारा वेडा आहे. गावाचंही तेच मत होतं, आणि गावाचं नि माझं एकमत झालेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

त्या भिंतींवर काय होतं ते सांगायला हवं. मी येण्याच्या आधी, पन्नासच्या दशकात, खाडीच्या तोंडाशी एक जुनी आगबोट मोडायला आणली होती. तिच्या वाफेच्या नळ्यांवर एक मळकट पांढरा, मातीसारखा दिसणारा आणि फोडला की कापसासारखा सुटणारा लपेटा होता. अ‍ॅस्बेस्टॉस. मोडणाऱ्यांना लोखंडाशी मतलब. लपेटा त्यांनी काठावर टाकला आणि ते निघून गेले. आता, फुकट पडलेली वस्तू आमच्या गावाने कधी पडू दिलेली नाही. कुणीतरी तिला काडी लावून पाहिली. जळेना. झालं! 'न जळणारी माती' म्हणून टोपल्या भरभरून ती घरोघर गेली. बायकांनी ती उन्हात वाळवली, मुसळाने कुटली, वर आणखी सुपाने पाखडून चाळून घेतली आणि चुलीमागे थापली. विष खायचं तर त्यातही खडे नकोत, असा आमचा टापटिपीचा गाव.

घाडीमामांना ती वस्तू लांबून ओळखता येत होती, कारण त्यांची उमेदीची सगळी वर्षं तिच्यातच गेली होती. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत होते. बोटींच्या बॉयलरांना आणि नळ्यांना हा लपेटा चढवायचा आणि जुना झाला की फोडून काढायचा, हे त्यांच्या टोळीचं काम. नवा चढवताना कालवायला पाणी लागे. जुना मात्र सुकाच फोडत. "बोटीच्या पोटात गिरणीसारखो पिठो उडायचो," ते सांगत. "आमी एकमेकांक बगून हसायचव, भुतां दिसतत म्हणान." त्यांना कुणी काही शिकवलं नाही, कुणी बजावलं नाही. शहाणपण आलं ते असं: "एक गोरो साहेब खाली बगूक इलो. तेना नाकाक रुमाल लावलो आनी सटासट शिडी चढान वर गेलो. आमका हातान खुणावल्यान, चलांदे तुमचा. तेवा माका समाजला. साहेब ज्याच्यात नाक घालना नाय, ता बरा नसता." टोळीतले सुकं फोडणारे गडी एकेक करून खोकत गावी परतले आणि गेले. मामाही खोकत परतले, पण गेले नाहीत. त्यांना अजून गावाला छळायचं होतं.

छळायचा त्यांना वंशपरंपरागत हक्कच होता. ते घाडी, म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे खड्या आवाजात मांडलेलं मागणं. घाडी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून ते पक्कं करतो. काय म्हटलं ते ऐकलंच पाहिजे असं नाही. घाडी थांबला की म्हणायचं. मामांचा आवाज असा की देवळात उभे राहिले तर खाडीपलीकडे ऐकू जावं. त्याची त्यांना घमेंडही भरपूर होती. "मिठबावपासून कसालापर्यंत फिर," असं ते मला तोंडावर सांगत, "असो गळो मिळतलो नाय." एकदा पीकपाण्याच्या मागण्याच्या मध्येच त्यांनी, "बा देवा म्हाराजा, आमच्या सरपंचाची अक्कल ठिकाणार येवंदे," असं सरकवलं होतं. त्यावर सरपंचासकट सगळे ठासून म्हणाले, व्हय म्हाराजा. घरी गेल्यावर सरपंचाला कुणीतरी समजावून सांगितलं म्हणे.

मामांना सगळंच कळत होतं असं मात्र मुळीच समजू नका. एका लग्नघरी त्यांनी नवरीची सावरीच्या कापसाची कोरी गादी, पांढरं दिसलं म्हणून, घागरभर पाण्याने भिजवली. वरपक्षाने आकांत केला. मामा माफी मागतील तर शपथ! "दिसता तसा दिसला, भिजवलंय. वाळात ती. छातयेत गेलेलो पिठो निघना नाय," असं म्हणून ते पानावर जाऊन बसले, आणि दोनदा खीर मागून घेतली. चुकले तरी त्यांचा तोरा सरपंचाहून वरचा असायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमतही नसे.

त्यांची रीत पक्की होती. संशय आला की खरवडायचं नाही, फुंकर मारायची नाही, मोडून बघायचं नाही. आधी पाणी. मग आधीच फुटलेली एखादी कड असेल तर ती ओली करून उजेडाकडे धरायची. नारळाच्या सोडणातून काथ्या डोकावतो तसे बारीक केस दिसले, की तीच. मग काढायची नाही. जिथे आहे तिथे ओल्या शेणमातीने जाड लिंपून टाकायची आणि कुठे आहे ते लक्षात ठेवायचं. "काढूक गेलास तर मरतलास. झाकलास तर ती थंय आनी तुमी हंय, दोगांय सुखी."

लक्षात ठेवायचं, पण सगळ्या गावाने कसं? तेव्हा मलेरियाचे फवारणीवाले घरोघर फिरत आणि फवारलेल्या घराच्या दारावर गेरूने तारीख लिहून जात. मामांना ते फार आवडलं. त्यांनी गेरू कालवला आणि जिथे जिथे ती माती होती तिथे भिंतीवर एकेक लाल रेघ ओढली. हात लावू नका, एवढाच तिचा अर्थ. पण रेघ ओढणारा पडला घाडी! देवाशी बोलणारा माणूस, भुताखेतांशीही बोलत असणार. घाड्याने चुलीमागे लाल रेघ ओढली म्हणजे करणी केली, असं गावाने ताबडतोब ठरवलं. एरवी पंचायतीचा एक ठराव करायला वर्ष लावणारा गाव, पण हे एका सकाळीत ठरलं. आणि मग घरोघरच्या बायाबापड्यांनी कोयते घेऊन त्या रेघा खरवडल्या. सुक्या. रेघेबरोबर माती निघाली, मातीबरोबर तो कापूस, आणि सगळा गाव दिवसभर पांढऱ्या धुळीत शिंकत होता.

मामा माझ्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, मी खूण केलंय हात लावू नको म्हणान. आनी मेल्यांनी पयलो हात थंयच लावलो." मग एकदम उठले. "भिंतीर लिवलेला खरवडूक येता. देवासमोर बोललेला खरवडूक येना नाय."

पुढच्या गाऱ्हाण्यापासून त्यांनी घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, वरच्या वाडयेत परबाच्या चुलीमागे आगबोटीची माती आसा. ती लिपलेली आसा. तिका कोणी सुकी खरवडू नये." व्हय म्हाराजा! "तळेकरांच्या मागच्या पडवेत, कुडाच्या फटीत आसा. लिपलेली नाय. आळशी आसत." व्हय म्हाराजा! तळेकरसुद्धा म्हणाले. कुणी लिंपलं, कुणी चूल हलवली, कुणी भिंत पाडली, की पुढच्या वेळी ती दुरुस्ती होऊन येई. गाऱ्हाणं लांबत चाललं, नारळाचा प्रसाद मिळायला उशीर होऊ लागला, म्हणून मानकरी कुरकुरले. पण गाव ऐकता ऐकता पाठ म्हणायला लागला. मी शाळेत पाढे इतक्या चांगल्या रीतीने कधी पाठ करून घेऊ शकलो नाही.

अशात शाळेवर संकट आलं. संकट म्हणजे देणगी. गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेच्या छपरासाठी सिमेंटचे पत्रे पाठवले. दरवर्षी पावसाच्या तोंडाशी छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, परतण्याची कटकट गेली म्हणून सरपंच आप्पा खोत इतके खूश झाले, की पत्रे त्यांनीच घडवले असावेत असं वाटावं. पत्रे छपराच्या मापाहून लांब होते. ते शाळेच्या अंगणातच करवतीने कापायचे ठरलं. आणि छप्पर उघडं पडल्यामुळे माझे वर्ग त्याच अंगणात, फणसाखाली भरत होते.

मामा आले. वाटेत फुटलेल्या एका पत्र्याची कड त्यांनी भिजवली, उजेडाकडे धरली आणि आप्पांना म्हणाले, "हे केस बगा."

"सिमेंट आसा ता," आप्पा म्हणाले. "मुंबैत मोठ्या मोठ्या गिरण्येंर हेच पत्रे आसत."

"गिरण्येर आसत. गिरणकाराच्या छातयेत नाय. पत्रो छपरार बसांदे, पत्रो बरो. पत्र्याचो पिठो वायट. कापूचोच आसा तर पाणी सोडून कापा, आनी पोरांक लांब न्हेवा."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? विहीर अंगणातच होती. पण पाणी मारलं असतं तर सरपंचाने घाड्याचं ऐकलं असं झालं असतं, आणि तसं झालेलं आप्पांना चाललं नसतं. त्यापेक्षा पोरांनी धूळ खाल्लेली बरी. मी मध्ये पडलो, तर माझ्याशी ते खास कचेरीतल्या मराठीत बोलले, "गुरुजी, आपण पाढे शिकवावेत. बांधकाम पंचायत पाहील." तालुक्याचा ओव्हरसियर येऊन गेला. त्याने पत्र्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला, चहा प्याला आणि सिमेंट म्हणजे सिमेंटच, असा निर्वाळा देऊन सायकलवर बसला. मी पोरांना घेऊन देवळाच्या आवारात बसायचं म्हटलं, तर देऊळ शाळेसाठी नाही, असं मानकऱ्यांचं म्हणणं पडलं. पत्र्यांच्या मुहूर्ताला नारळ ठेवायला मात्र देऊळ हवं होतं.

तोवर मामांचा दम पार संपत आला होता. दहा पावलं चालले की कुडाला धरून उभे राहत. तो नारळ ठेवून गाऱ्हाणं त्यांच्या चुलतभावाने, भिकूने, घालावं असं आप्पांनी सुचवून पाहिलं. "मी जित्तो आसंय तवसर नाय," मामा म्हणाले, आणि बायकोच्या, भागीमामींच्या, खांद्यावर हात ठेवून देवळात आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. उभे राहिले. पहिली वाक्यं म्हटली. खाडीपलीकडे जाणारा तो आवाज देवळाच्या खांबापर्यंतही पोचत नव्हता. दर वाक्यामागे ते थांबत, तोंडाने हवा ओढत, आणि गाव ठराविक आरोळी ठोकून पुढच्या वाक्याची वाट पाही. घरांची यादी त्यांनी एकही न गाळता पुरी केली. मग हात वर केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या शाळेच्या पत्र्याक जो कोण सुकी करवत लावीत, तेका बा म्हाराजा... तेका..."

आणि दम गेला. तोंड उघडं, हात वर, डोळे तारवटलेले, शब्द नाही. घाडी थांबला. गावाने आपलं काम केलं.

"व्हय म्हाराजा!"

मानकऱ्याने घाईघाईत नारळ फोडला. मामा खोकत खाली बसले आणि भागीमामींनी त्यांना धरून घरी नेलं.

प्रसाद खाऊन झाल्यावर नाना मेस्त्री, जे दुसऱ्या दिवशी पत्रे कापणार होते, माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "मास्तर, तेका काय?"

"कुणाला काय?"

"सुकी करवत लावीत तेका. तेका काय होतला? आमी तर व्हय म्हणान बसलंव!"

हे गावाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, पण आलं तेव्हा असं आलं, की देवळातच कुजबुज सुरू झाली. शाप दिला गेला होता, गावाने तो एकमुखाने पक्का केला होता, आणि तो काय होता हे कुणालाच माहीत नव्हतं. हात झडतील म्हटलं असतं, तर एखादा म्हणाला असता, बघू झडतात का. निर्वंश म्हटलं असतं, तर बिनलग्नाचा गडी शोधून काढला असता. पण कोऱ्या शापावर उपाय काय करणार? सगळा घोळका मामांच्या घरी गेला. मामा उशीला टेकून बसले होते, आणि मला शपथ घालून विचाराल तर सांगतो, इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"काय म्हणणार होतंय ता देवाक समाजला," एकेक शब्द तोडत ते म्हणाले. "तुमी व्हय म्हटलास. आता माका कित्याक इचारतास?"

"ओली करवत चलात काय?" नानांनी विचारलं.

"ओलयेचा देवाकडे काय बोलणा झाला नाय."

नानांना तेवढ्यावरही भरवसा वाटेना. ओली म्हणून लावली आणि मध्येच सुकली तर? त्यांनी करवत गुंडाळून घरी नेली. आप्पांनी आरडाओरडा केला, दुसरे सुतार बोलावून पाहिले. पण गाऱ्हाण्याची बातमी त्यांच्याआधी आजूबाजूच्या गावांत पोचली होती. शेवटी पत्रे न कापता अख्खेच चढले. पत्रे अडकवायच्या आकड्यांसाठी भोकं पाडायची होती तेव्हा नाना पाडत होते आणि दोन गडी वरून घागरी ओतत होते. अंगणात चिखल झाला, धूळ कणभर उडाली नाही. पत्रे दोन्ही बाजूंना हातहात बाहेर आले. धाकट्या भावाने थोरल्याची टोपी घालावी तशी ती शाळा दिसे. मुंबईकर मंडळ उद्घाटनाला आलं आणि हळहळलं. माझ्या पोरांच्या अंगावर मात्र पत्र्याचा चिमूटभर भुगा पडला नव्हता.

पुढे एकदा दोघंच असताना मी विचारलं, "मामा, खरंच काय म्हणणार होता?"

"सुबुद्धी दी, म्हणणार होतंय." ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तो शमल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बरा झाला, दम गेलो ता. सुबुद्धीक हंय कोण भियाता?"

भातं पिवळी पडू लागली तेव्हा मामा गेले. शेवटचे दिवस बसूनच काढले. आडवं झालं की हवा मिळत नसे. मी मुलखाचा तुसडा माणूस, पण त्या दिवशी माडाखाली उभा राहून रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. मृत्यूची वर्दी द्यायला पोलीस पाटलांकडे मीच गेलो. कारण काय, त्यांनी विचारलं. मी गोदी सांगितली, लपेटा सांगितला, छातीत बसलेली धूळ सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असं कारण नसतं हो, गुरुजी. खोकला होता ना? मग क्षय." आणि तसं लिहून टाकलं. मी भांडलो. लिहिलेलं खोडता येत नाही, असं त्यांनी मला सुनावलं.

ती बातमी अर्थातच फुटली आणि गावाला एकदम आरोग्याची आठवण झाली. मामांच्या अंथरुणाची होळी केली गेली. भागीमामींच्या दारावरून जाताना लोक नाकाला पदर लावू लागले. जी नाकं सुपातल्या त्या मातीवर वाकून चाळत बसली होती, तीच. विहिरीवर त्यांच्यासाठी वेगळी दोरी आली. त्यांच्या भाचीचं ठरलेलं लग्न, क्षयाच्या घरातली पोर नको म्हणून, मोडायच्या बेताला आलं. मामी मला एकदाच म्हणाल्या, "मास्तर, सगळ्या गावात ती माती खंय खंय आसा ता तेंनी सांगल्यानी. एक जागा सांगूची ऱ्हवली."

त्या वर्षीच्या जत्रेला भिकूने गाऱ्हाणं घातलं. आवाज किरटा, पण घरांची यादी त्याला तोंडपाठ होती. गाळण्याची त्याची छातीच नव्हती. देवासमोर एकदा आलेलं नाव गाळायचं कसं? परबाची चूल, तळेकरांची पडवी (एव्हाना लिंपलेली), शाळेचे अख्खे पत्रे. गाव प्रत्येकाला व्हय म्हणत होता. यादी संपली, भिकूने नारळाकडे हात नेला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने भागीमामी पुढे आल्या. देवळात बाईने गाऱ्हाण्यात तोंड घातल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे अडवायचं कसं हेही कुणाला सुचलं नाही.

"आनी एक ऱ्हवला," त्या म्हणाल्या. आवाज मामांसारखा खडा नव्हता, पण दम पुरेपूर होता. "बा देवा म्हाराजा, सखाराम घाड्याच्या छातयेत. गोदीतली माती. क्षय न्हय!"

आणि थांबल्या.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. आप्पा म्हणाले, पोलीस पाटील म्हणाले, भाचीचे होणारे सासरे म्हणाले. सवयीने म्हणाले, हे मला पक्कं ठाऊक आहे; त्या गावाकडून याहून जास्त अपेक्षा मी कधी केली नाही. पण म्हणाले. काय म्हटलं ते एकेकाच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं, तोवर भागीमामींनी पदर खोचून घेतला होता.

"फोड आता नारळ," त्या भिकूला म्हणाल्या.